रंग न लावलेली पट्टी

दिवाळीच्या आधी दुकानाला रंग द्यायला माणूस येतो, तेव्हा मी त्याला आधी एक जागा दाखवतो. आत शिरल्यावर उजव्या हाताची भिंत, जिन्याकडचा कोपरा. तिथली हातभर रुंदीची पट्टी सोडायची, फरशीपासून छतापर्यंत. पुट्टी भरायची नाही, ब्रश लावायचा नाही, पॉलिश पेपर तर जवळही आणायचा नाही. दर वर्षी माणूस नवा असतो आणि दर वर्षी तो तेच बोलतो, "मालक, एवढ्यानं सगळ्या कामाचा शो जातोय की."

जातो, हे खरंच आहे. त्या पट्टीवर जुन्या रंगाचे पापुद्रे आहेत, खाली ओलीचे नकाशे आहेत आणि तीन आडव्या रेषा आहेत. पहिली माझ्या कमरेला. तिच्या वर हातभर दुसरी. तिसरीला बोट टेकवायचं तर हात वर करावा लागतो. कडेला ऑइलपेंटनं वर्षं लिहिलीत, खालून वर : २००५, २०२१, २०१९. नवं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देता देता मला सांगतं, "वर्षं उलटसुलट झालीत बघा." क्रम पाण्यानं लावलाय, मी काय करू?

सांगलीबाहेरच्यांसाठी एवढं सांगायला हवं. पावसाळ्यात आमच्याकडं कुणी कुणाची ख्यालीखुशाली विचारत नाही, 'किती फूट झालं?' विचारतात. फूट म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पुढचं सगळं गणित पोरासोरांना पाठ असतं : आधी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, मग कर्नाळ रोड, मग 'मारुती चौकात आलं का?' २००५ साली ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली की आता असं परत होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. माझं दुकान मारुती चौकापासून चालत पाच मिनिटांवर.

दुकान फ्लेक्सचं. डीटीपी, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड हेही आहे, पण पोट भरतं ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. तेव्हा भिंतीवरच्या चित्रांबद्दल मी कळवळून लिहावं यात थोडा दांभिकपणा आहे. भिंती रंगवणाऱ्या माणसांचा धंदा ज्यांनी बसवला, त्यांच्यातलाच मी एक. आणि ज्यांचा धंदा बसला त्यातले एक आमच्या गल्लीतच राहतात. गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणते, मीही तेच म्हणतो.

लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या शिडीखाली जाऊन बसायचो. आधी भिंत खरवडायची, मग चुन्याचे दोन हात. चुन्यात डिंक आणि चिमूटभर नीळ, नाहीतर पांढरा पिवळट दिसतो. चुना वाळला की सूत मारायचं. सुताला गेरू चोळून एक टोक मी धरायचं, दुसरं काकांनी, आणि मधोमध चिमटीनं ओढून सोडायचं. फट् आवाज व्हायचा आणि भिंतीवर लाल, सरळ शिरोरेषा उठायची. अक्षरं त्या रेषेला वरून खाली लटकवत जायची. काका पेन्सिलीनं काही आखायचे नाहीत. ओठ हलवत अक्षरं मोजायचे, जोडाक्षराला दीड धरायचे आणि थेट ब्रश लावायचे. शेवटचं अक्षर भिंतीच्या टोकाशी बरोबर येऊन थांबायचं. मी आज कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिट टू पेज' करतो, ते त्यांच्या ओठात होतं.

ते सांगायचे की पोरवयात, म्हणजे पंचाहत्तर सालाच्या आगेमागे, त्यांनी आरोग्य खात्यासाठी गावोगाव एकच वाक्य लिहिलं. 'देवीचा रोगी कळवा, १००० रुपये मिळवा.' माझ्या पिढीनं देवीचा रोगी पाहिला नाही. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ मध्ये जाहीरसुद्धा झालं होतं. पण भिंती कुणी पुसल्या नव्हत्या. मला वाचता यायला लागलं तेव्हा ते वाक्य एका पडक्या भिंतीवर अजून होतं आणि मी त्याचा माझ्या परीनं अर्थ लावला होता. शेजारच्या वाड्यात एका मावशींच्या अंगात दर शुक्रवारी देवी यायची. मी काकांकडं जाऊन हळूच विचारलं, "कळवायचं कुणाला? हजार रुपये मला मिळतील की आईला?" काका शिडीवरून पडायचे बाकी राहिले होते. पुढं कित्येक वर्षं मला रस्त्यात गाठून ते विचारायचे, "कळवलंस का न्हाईस रं?"

आज धंद्यातला माणूस म्हणून त्या वाक्याकडं बघतो आणि हेवा वाटतो. कुणी काय करायचं आणि त्याला काय मिळणार, दोन्ही एका ओळीत. वाचणाऱ्याला उपदेश नाही. तू चुकतोस असं कुणी त्याला म्हणत नाही. शेजारच्या घरात बघ आणि पैसे ने. यातला सरकारी धूर्तपणा मला फार आवडतो.

नंतरच्या भिंती उपदेशाला लागल्या. 'पाणी अडवा, पाणी जिरवा', 'झाडे लावा, झाडे जगवा', 'मुलगी शिकली, प्रगती झाली'. यमकं बरी होती आणि कामही भरपूर होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, २००० साल. काकांच्या आयुष्यातला तो सोन्याचा हंगाम. तपासणी समिती यायच्या आदल्या रात्री पेट्रोमॅक्स लावून भिंती रंगायच्या. गावं खरोखरच झाडून निघाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोकांनी स्वतः खराटे हातात घेतले होते, शेजारच्या गावाशी ईर्षा होती, वर बक्षीस होतं. भिंतीनं किती केलं आणि ईर्षेनं किती, हे सांगणं अवघड.

मग २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली. काकांना एका गावात 'तंटामुक्त गाव' लिहायला मोठी, रस्त्यावरची भिंत दिली. 'तंटामु' झालं आणि आतून एक म्हातारा काठी घेऊन आला. भिंत दोन भावांत वादाची होती, कोर्टात तारीख चालू होती, आणि धाकट्यानं परस्पर परवानगी दिली होती. काका शिडी घेऊन निघाले. पुढं दोनेक वर्षं ती भिंत 'तंटामु' एवढंच सांगत उभी होती. ही गोष्ट काका इतक्या वेळा सांगतात की त्यातलं थोडं तिखटमीठ त्यांचंही असेल. मी कधी खोदून विचारलं नाही.

हसायला येत नाही असाही एक प्रसंग आहे. मार्च २०१७. मिरज तालुक्यात म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. टीव्हीवाल्यांच्या गाड्या सांगलीवरूनच गेल्या. मी त्या दिवशी दुकानात बसून 'लेक वाचवा'च्या एका फलकाची फाइल उघडली. दोन वेण्या, दप्तर, सूर्य, कळी. हे चित्र मीच वेगवेगळ्या मापांत किती वेळा काढून दिलं होतं. आणि लागायचं कुठं? बहुतेकदा शाळेच्या कुंपणावर. म्हणजे ज्या पोरी वाचून, वाढून, दप्तर घेऊन आत चालल्या होत्या, त्यांनाच आम्ही रोज सांगत होतो की तुम्हाला वाचवायला पाहिजे. ज्यानं वाचायला हवं तो माणूस सोनोग्राफीच्या दारात बसलेला असतो, आणि तिथं 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी कायद्यानंच लावलेली असते. तिच्याखाली बसून तो आपला नंबर येईपर्यंत मोबाइल बघतो.

तेव्हापासून भिंत बोलते, भिंत जागवते वगैरे भाषा मला सहन होत नाही. भिंत ऐकते मात्र नक्की. म्हणूनच तिच्याशी फार खोटं बोललं जातं.

मग कुठली भिंत खरोखर काम करते? काकांचं उत्तर ठरलेलं : "गाढवाची." सांगलीत, मिरजेत, कुठल्याही बोळात जा. 'येथे लघवी करणारा गाढव आहे', शेजारी गाढव आणि बाण. हे काम ते फुकट करायचे, गाढव काढायला आवडतं म्हणून. विनोद सोडा, पण या गाढवाचं घराणं फार जुनं आहे. शिलाहारांच्या काळापासून आपल्याकडं गधेगाळ नावाचे कोरीव दगड उभे आहेत. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा मजकूर आणि खाली गाढवाचं एक चित्र, ज्याचं वर्णन घरच्यांसमोर करता येत नाही. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या घरच्या बाईवर हा प्रसंग येईल, अशी ती शिवी. मजकूर चार शहाणे वाचणार, चित्र सगळ्यांना कळणार. चुकणाऱ्याची शिक्षा त्याच्या बायकोवर किंवा आईवर ढकलायची, ही आपली तेव्हापासूनची खोडही त्या दगडात आहे. पण दगड कुणाशी बोलतोय, याबद्दल शंका राहत नाही. त्या जमिनीच्या बांधावरच तो उभा असतो.

आणि अशी एक भिंत पार न्यूयॉर्कला. १९८६ साली कीथ हेरिंग नावाच्या चित्रकारानं हार्लेममधल्या हँडबॉलच्या मैदानाची भिंत कुणाला न विचारता रंगवली. नारिंगी रंगावर काळ्या रेघांची माणसं आणि 'क्रॅक इज वॅक' ही अक्षरं. क्रॅक म्हणजे कोकेनपासून केलेली नशा, तेव्हा त्या शहराला पोखरत होती. हेरिंगचा स्वतःचा मदतनीस पोरगा तिच्यात अडकला होता. विनापरवाना रंगवलं म्हणून हेरिंगला पोलिसांनी धरलं, दंड झाला. आज तीच भिंत त्या शहराचं उद्यान खातं जपतंय. मी हे मोबाइलवर काकांना दाखवलं. त्यांनी चित्र बोटांनी मोठं केलं, रेघ कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते बघितलं. मग म्हणाले, "ब्रश उचललेला न्हाई गड्यानं." थोड्या वेळानं : "घरातलं पोरगं अडकलं हुतं, म्हणून जमलं."

आता माझी चूक सांगतो.

२०१९ च्या पुरानंतर एका कार्यालयाला त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर पूरसज्जतेची चित्रं हवी होती. भिंतीवर फ्लेक्स टिकत नाही, तेव्हा रंगवायचंच ठरलं. डिझाइन माझं, हात काकांचे. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं एका कामावर. मी चार फूट उंचीच्या पट्ट्यात सुंदर निळं पाणी काढलं, त्यावर होडी, होडीत हसरं कुटुंब, लाइफ जॅकेट घातलेला जवान, मागं हिरवे डोंगर. वर 'सजग नागरिक, सुरक्षित शहर'. साहेबांना फार आवडलं.

काका आले, प्रिंट हातात घेतली, भिंत बघितली आणि विचारलं, "हितं पाणी कुठवर आलं हुतं?"

मी म्हटलं, "भिंत दिसत नव्हती काका. अख्खी पाण्यात होती."

"मग ही होडी भिंतीच्या वर काढायला पाहिजे."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी प्रिंट घडी घालून खिशात ठेवली, चौकीदाराची काठी मागून घेतली आणि कुंपणापलीकडच्या आंब्याच्या खोडावर पुराच्या गाळाचा करडा पट्टा होता, तो दाखवला. आमच्या भिंतीपेक्षा दोन हात वर. "पोरं बघत्याली, म्हंत्याली पूर म्हंजे एवढाच. माझ्या गळ्याएवढा. होडी येती आन् हसत जायाचं."

मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, चित्र काढू नका, नुसती भिंतीच्या वरून एक दांडी उभारू, तिच्यावर खूण करू आणि भिंतीवर लिहू की तुम्ही आत्ता पाण्याखाली उभे आहात. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अहो, लोक आधीच घाबरलेत. काहीतरी सकारात्मक पाहिजे. आणि फोटो पाठवायचेत वर." मला बिल काढायचं होतं. पुरात माझं प्रिंटिंग मशिन गेलं होतं, कर्जाचे हप्ते सुरू होते. मी काकांना म्हटलं, आहे तसंच काढू.

त्यांनी काढलं. काम चोख केलं, नदीच्या पाण्यावर उन्हाची तिरीप अशी मारली की साहेब पुन्हा पुन्हा बघत होते. पण खाली 'पेंटर' म्हणून सही करायची त्यांची सवय होती, छोट्या अक्षरांत, एका कोपऱ्यात. ती त्या भिंतीवर नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं आणि आमची होडी हसऱ्या कुटुंबासकट बुडाली. पाणी उतरल्यावर बघायला गेलो. जवानाच्या तोंडावर गाळ होता. आता तिथं क्लासच्या जाहिराती चिकटवतात.

त्याच महिन्यात दुकान धुवून काढल्यावर मी पट्टी सोडायला सुरुवात केली. २००५ आणि २०१९ च्या खुणा आधी होत्याच, वडिलांनी एक खडूनं केली होती, एक मी मार्करनं. काकांना बोलावलं. त्यांनी सूत काढलं. तेच की दुसरं माहीत नाही, पण गेरू तोच. एक टोक मी धरलं. त्यांचा हात आता कापतो, पण सूत मारायला हात स्थिर लागत नाही, चिमूट लागते. फट्. तीन वेळा. मग रेषांवर ऑइलपेंट. पैसे दिले ते त्यांनी मोजून घेतले, वीस रुपये परत केले. का परत केले, ते सांगितलं नाही.

ही पट्टी आम्हाला परवडते असं म्हणता येत नाही. मागच्या वर्षी वरचा मजला आणि दुकानाचा मागचा भाग भाड्यानं द्यायचा विचार होता. एक मोबाइल दुरुस्तीवाला आला, जागा पसंत पडली, आगाऊ रकमेचं बोलणं झालं, आणि निघताना त्याची नजर कोपऱ्याकडं गेली. तिसऱ्या रेषेकडं बघून त्यानं विचारलं, "हे काय, शेल्फ काढलंय का इथलं?" मी खरं सांगितलं. त्याचा फोन परत आला नाही. रात्री जेवताना बायको काही बोलली नाही, आईच बोलली. "भिंतीला काय, रंग लावला म्हणून पाणी यायचं थांबतंय का, आणि न लावला म्हणून येतंय का?" मी म्हटलं, येणाऱ्याला कळायला नको का? आई म्हणाली, "मग रस्त्याकडनं काढ. गिऱ्हाइकाच्या तोंडावर कशाला?"

तिचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. गल्लीतल्या एका घरानं २०१९ ची खूण घासून टाकली, वर टेक्स्चर पेंट मारला, आणि घर विकलं. घेणारं कुटुंब बाहेरगावचं आहे. दोन लहान पोरं आहेत, सकाळी रिक्षानं शाळेत जातात. त्यांच्या घरात पाणी कुठवर होतं ते मला माहीत आहे, कारण तिथल्या म्हातारीला आम्ही माळ्यावरून काढलं होतं. त्या घरधन्याला मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो. विकणारा माझ्या वडिलांचा मित्र. कायद्यानं भिंत विद्रूप करणाऱ्याला शिक्षा आहे, महाराष्ट्रात १९९५ चा त्यासाठी खास अधिनियम आहे. घासून सुंदर करणाऱ्यावर कुठलं कलम लावायचं?

काका परवा आले होते. नातवाच्या शाळेचं काहीतरी छापायचं होतं. पट्टीसमोर थोडा वेळ उभे राहिले. '२०२१' मधल्या दोनाच्या शेपटीला पापुद्रा सुटलाय, तिथं नखानं दाबून बघितलं. "पावसाळ्याच्या आत करून घे," म्हणाले. मग हळू आवाजात, "त्या नव्या मानसास्नी दुकानात बोलव की कायतरी छापायला."

ते मला सुचलं नव्हतं.

काल संध्याकाळी वाढदिवसाच्या बॅनरसाठी तीन पोरं आली. दोघं माझ्या स्क्रीनशी वाद घालत होते, भाऊंचा फोटो अजून मोठा पाहिजे म्हणून. तिसरा, सगळ्यात बुटका, मागं फिरत होता. त्यानं पट्टीला पाठ लावली, टाचा भिंतीला टेकवल्या आणि डोक्यावर हात आडवा धरून वळून बघितलं. हात २०२१ च्या जरा वर होता. त्यानं मान मागं टाकून तिसरी रेषा बघितली, मग मित्राला हाक मारली, "ये की, तुझं बघू." मित्र आला, तोही उभा राहिला. बुटक्यानं त्याच्या डोक्यावरून भिंतीवर बोट टेकवलं आणि बोटापासून रेषेपर्यंत वीत लावली. एक वीत भरली, वर चार बोटं उरली.

"काका," भाऊंच्या फोटोवाला म्हणाला, "आयलेट मारून किती होतील?"

मी दर सांगितला.